बरणी नंबर एकोणीस

बत्तीस वर्षं मी तिबिलिसीत
नदीचं पाणी भरलं.
स्वच्छ पाणी नव्हे, ते कुणीही भरेल.
इस्पितळाचं गटार जिथे म्टक्वारीला मिळतं
तिथल्या शेवाळल्या पायरीवर उकिडवं बसायचं,
दोरीला बांधलेली बरणी खाली सोडायची
आणि बुडबुडे थांबेपर्यंत श्वास रोखायचा.
परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा
कायम रिकामी. राजासारखा प्रवास.

लामाराबाई मात्र नाक मुरडत नसत.
बरणी उजेडात धरून म्हणायच्या, "वा, आज घट्ट आहे."
मग गाळणं. इतक्या बारीक चाळणीतून
की जंतूसुद्धा वर अडकावेत
आणि खाली उतरावा फक्त त्यांचा काळ:
डोळ्यांना न दिसणारा, हातपाय झाडणारा
फाज.
"ज्या आळीत चोर," त्या म्हणायच्या,
"त्याच आळीत त्याला चेहऱ्याने ओळखणारा."

काचेच्या बशीत जंतूंची साय धरलेली.
दुसऱ्या दिवशी तिच्यात भोकं,
कसर लागलेल्या शालीसारखी.
भोकं दिसली की माणसांनी हसावं
अशी दुसरी खोली मी पाहिली नाही.

त्र्याण्णवचा हिवाळा. वीज गेली ती गेलीच.
ऊबपेटी थंड पडली, आणि बशीला तर
माणसाच्या अंगाएवढी ऊब हवी.
लामाराबाईंनी बशा लोकरीत गुंडाळल्या
आणि रात्री पोटाशी घेऊन झोपल्या.
मी विचारलं, सांडलं तर?
"आत काय कमी आहेत?" म्हणाल्या.

त्याच महिन्यात माझ्या बहिणीचा ओतिया,
सहा वर्षांचा, रक्ताची आव.
बाजारातून आणलेल्या गोळ्यांनी
पोटातल्या सगळ्यांना झोडपलं,
गुन्हेगाराला सोडून.
फडताळातली जुनी कुपी दिली, तीही वाया.
हे कुलूप आमच्या जुडग्यातलं नव्हतं.

मग मी त्यांच्याच इमारतीच्या मागे गेलो,
बर्फ फोडून मोरीच्या तोंडाशी बसलो.
त्या महिन्यातली ती एकोणिसावी बरणी.
दोन रात्री बाईंच्या पोटाशी.
तिसऱ्या सकाळी मेणबत्तीपुढे बशी धरली.
एक भोक. त्याच्या बाजूला दुसरं.
पुढे मोजता आली नाहीत,
रॉकेलचा धूर फार होता खोलीत.

आधी बोर्जोमीचं खारट पाणी पाजलं,
जठरातला आंबट पहारेकरी शांत व्हावा म्हणून.
मग चमचाभर पिवळट रस.
ओतियाने विचारलं, "मामा, हे कुठलं?"
मी म्हणालो, "डोंगरातलं."

फाजला दुसरं काही येत नाही.
तो एकालाच ओळखतो, त्याच्याच घरात शिरतो,
त्याच्याच चुलीवर आपली पोरं शिजवतो
आणि घर फोडून बाहेर पडतो.
शेजारच्या दाराला हात लावत नाही.
आणि शेवटचं घर फुटलं की
त्याचंही काम संपतं; मुलाच्या पोटातून
मोरीत, मोरीतून नदीत,
पगार न मागता.

ओतिया आता कुताइसीला पाव भाजतो.
मी गेलो की म्हणतो, "मामा, आधी हात धू."

पण त्याच जिन्यातली तिसऱ्या मजल्यावरची
मझेविनार, चार वर्षांची. तिलाही आवच.
आम्ही एकोणीसमधलाच रस घेऊन धावलो.
तिचा जंतू दुसरा निघाला.
मी पुन्हा खाली उतरलो, बर्फ फोडला,
दोरी सोडली, तेवढ्यात
वरच्या खिडकीतून तिच्या आईचा आवाज आला
आणि मी दोरी वर ओढली.

लामाराबाई गेल्या. ऊबपेट्या नव्या आल्या.
परदेशांतून माणसं येतात, हातमोजे घालून
नदीचे फोटो काढतात, मला प्रश्न विचारतात.
मी त्यांना एकोणीसची गोष्ट सांगतो.

वीस नंबरची माझ्या फडताळात आहे.
नाव लिहिलेली. धुतलेली. कोरडी.